एका क्रियापदाचा गृहपाठ

३ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी 'डिसेम्बल' हे क्रियापद दिलंय. घरच्या माणसांवर वाक्यं करून न्यायची आहेत. मी 'लपवणं' असा अर्थ ठोकून दिला, तर बाई नुसत्याच हसल्या. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, आता भावाची लाज राख.

तू मुलाकडे परदेशी कायमची जाणार हे कळलं. फार आनंद झाला. इथे सगळ्यांनाच झाला. मी सध्या वरची खोली रंगवून घेतोय, सहजच.

लोभ तिकडे जाऊनही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

अरे, लपवतात ती किल्ली. डिसेम्बल म्हणजे पोटात एक असताना ओठांवर भलतंच आणायचं, तेही समोरच्याला खरं वाटेल अशा बेताने. त्यात जरा ठपका असतो, म्हणून कुणाला तोंडावर म्हणू नये.

तुझ्याच धंद्यातलं बघ. तू केलेली कवळी टोचत असते, पण गिऱ्हाईक 'झकास बसली' म्हणतं आणि आठवड्याने ती खिशात घालून परत येतं. आठवडाभर ते डिसेम्बल करत असतं. मी दोन वर्षं करते आहे. डावीकडे, खाली.

बाकी मी निघायला अगदी उतावीळ झाले आहे. कपडेसुद्धा भरून झाले.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डावीकडे खाली? साचा मी स्वतः घेतला होता. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

वाक्यं केली. आमचे दातांचे डॉक्टर 'अजिबात दुखणार नाही' म्हणून डिसेम्बल करतात. मी विनोद सांगितला की बायको हसून डिसेम्बल करते. बाई म्हणाल्या, सगळी दुसऱ्यांवरच कशी, एक 'मी'ने सुरू होणारं हवं. तिथे घोडं अडलं. शेवटी लिहिलं ते वर्गात न दाखवता तुलाच पाठवतो: 'ताई जाणार म्हणून आनंद झाला, असं लिहून मी डिसेम्बल केलं.'

ताई, वरची खोली तुझ्यासाठीच रंगवली. मुलाचा हक्क आधी, म्हणून गप्प बसलो. तू गेलीस तर मला करमणार नाही. जाऊ नकोस.

लोभ आहेच, आता उघडही झाला.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

वाक्य बरोबर आहे. उशिरा केलंस म्हणून मार्क कापले.

मलाही जायचं नव्हतं रे. कुणी थांब म्हणेना, म्हणून उतावीळपणा दाखवत होते. काल मुलाला फोनवर नाही म्हणून सांगितलं. तो खरंच हिरमुसला. सून मात्र 'अरेरे, किती वाट पाहत होतो' म्हणाली आणि त्याच दमात तिने विचारलं, मग तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीत शिवणयंत्र ठेवू का. तिला पैकीच्या पैकी.

एकच धास्ती आहे. खोली तू रंगवलीस, पण घर तुझ्या बायकोचं. तिच्या मनात काय आहे ते नीट विचारून कळव, तोवर मी ट्रंक उघडत नाही.

तुझी ताई

२४ मार्च

ती. वन्संना सा. न.

तुमचं पत्र यांनी वाचून दाखवलं. त्यांच्या विनोदांना मी हसते ते संसार चालावा म्हणून, आणि तुम्ही आलात की ते काम वाटून घेऊ.

मी कुठल्या वर्गाला जात नाही, मला ते क्रियापद येत नाही. या म्हणते आहे, म्हणजे या.

तुमची भावजय