रस्ता झाडणारी गाडी

चंडीगड,
२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय सौमित्र,

अनेक आशीर्वाद. तू, कादंबरी आणि इरा मजेत असाल. आम्ही दोघंही बरे आहोत. श्रीनिवासांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण सकाळी फिरायला निघायची वेळ झाली की तो जरा जास्तच कुरकुरतो असा माझा संशय आहे.

गुरुवारी भाऊबीजेला फोनच्या पडद्याला ओवाळताना मी बोट भाजून घेतलं आणि तू पलीकडून हसत सुटलास. त्या हसण्यात मला बोलायचं होतं ते राहून गेलं. राहून गेलं म्हणते, खरं तर मी राहू दिलं. तू इतका प्रेमानं बोलतोस की माझी जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र.

फराळाचं पार्सल परवा मिळेल. भाजणी दळायला मनीमाजऱ्यात गेले होते. गिरणीवाला पिशवीत डोकावून म्हणाला, "मैडम जी, इतनी सारी दालें एक साथ? पहले सोच तो लो, खाना क्या है." मी म्हटलं, सोच लिया है, तुम पीसो. चकल्या जरा कडक झाल्यात. इराचे पुढचे दात पडलेत, तेव्हा तिला आधी चिवडाच दे.

इराचं अजून एक. इथे आपण मराठीत विचारायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. आता नाशिकच्या शाळेत मुलं तिला त्यावरूनच चिडवतात असं कादंबरी म्हणाली. गुरुवारी तू आकाशकंदील सोडवायला उठलास तेव्हा ती फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आत्या, मुझे वापस आना है." मी काहीतरी बोलून विषय बदलला. तुम्हाला चंडीगड सोडावं लागलं ते माझ्यामुळे, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दर फोनला तू विचारतोस, "काय म्हणतेय आपली टीम?" जणू काही तू रजेवर गेला आहेस. आज टीमचंच लिहायचं आहे. यातलं पुष्कळ तुला ठाऊक आहे, पण मला ते पहिल्यापासून क्रमानं लिहू दे, नाहीतर मी मधूनच पळ काढेन.

गेल्या डिसेंबरात कंग साहेबांनी ठरवलं की नव्या मोसमात टीमचा सगळा पैसा एकाच रॅली कारवर लावायचा. गाडी एक म्हणून ड्रायव्हरही एक. तू नऊ वर्षं टीममध्ये, आणि समोर बावीस वर्षांचा इंद्रजित. निवड जानेवारीतल्या टेस्टवर होणार होती. मोरनीकडच्या डोंगरातले कच्चे रस्ते, तीन सकाळी, रोज नवा रस्ता, आणि रॅलीसारखी प्रत्येकाला एकच धाव. आकडे माझ्याकडे. सेक्टर तीसमधली प्रयोगशाळेची नोकरी सोडून मी या टीमचं मोजमाप बघायला आले ते तुझ्याच ओळखीनं, आणि हे वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. कंग साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "सुहासिनी जी, रिश्तेदारी घर पे." मी म्हटलं, पक्का.

तो शब्द मी फार मनावर घेतला. पहिल्या दिवशी इंद्रजितचं चाक पंक्चर झालं, त्यात गेलेला वेळ मी त्याच्या हिशेबातून वजा केला. दुसऱ्या दिवशी त्याचे टायर झिजलेले होते, त्याचीही सूट दिली. ते योग्यच होतं. पण तुझ्यासाठी मी एकही सूट शोधली नाही. मावसभावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी इंद्रजित थोडक्यात पुढे निघाला आणि गाडी त्याला मिळाली.

कंग साहेबांच्या केबिनमध्ये तू माझा तक्ता हातात घेऊन पाहिलाही नाहीस. "ताईनं मोजलंय ना, मग बरोबरच असणार," म्हणालास, इंद्रजितला मिठी मारलीस आणि बाहेर जाऊन सगळ्यांना चहा सांगितलास. मार्चमध्ये तुम्ही नाशिकला गेलात. रॅलीत डोंगर पालथे घालणारा माणूस आता बसचालकांना गाडी वळणावर हळू घ्या म्हणून शिकवतो. निकालाच्या संध्याकाळी घरी येताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, सौमित्र. हे लिहायची लाज वाटते, पण वाटला होता.

इथे उठले होते. चहा केला, कुंडीतला कढीपत्ता उगाच छाटला, श्रीनिवासांवर विनाकारण खेकसले. आता लिहिते.

गेल्या महिन्यात हिमाचलात रॅली झाली. पहिल्या दिवसअखेर इंद्रजित सगळ्यांच्या पुढे होता. आम्ही पेढे वाटायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे आघाडीवरची गाडी सर्वांत आधी सोडली, आणि संध्याकाळपर्यंत तो घसरत सहाव्या नंबरावर आला. मी तंबूत बसून टायरमधली हवा, तापमान असलं काहीबाही तपासत होते. तो हेल्मेट काखेत धरून आला.

"दीदी, गाड़ी में कुछ नहीं है. मेरे आगे कोई गया ही नहीं था. सारी बजरी मेरे लिए पड़ी थी."

मी मान डोलावून पुन्हा आकड्यांत डोकं घातलं. तो जरा वेळ तिथेच घुटमळला. मग म्हणाला, "टेस्ट में तो वीरजी आगे जाते थे. मुझे रास्ता साफ़ मिलता था."

तुला तो अजून वीरजीच म्हणतो. त्याला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. पोरगं साधं आहे. पण मी आकड्यांचे कागद मिटून ठेवले.

कच्च्या रस्त्यावर पहिली गाडी सुटी खडी बाजूला सारत जाते आणि मागून येणाऱ्याला घट्ट जमीन मिळते. पुढचा रस्ता झाडतो, मागचा पळतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिवाय तिन्ही सकाळी मी शेवटच्या वळणाशी उभी होते आणि तिन्ही सकाळी आधी तुझीच गाडी आली. मोठ्यानं आधी जायचं हा आपल्या टीमचा रिवाज. तो कोणी घातला नाही आणि मोडायचंही कोणाच्या मनात आलं नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि हिशेबात धरलं नाही, कारण ते तुझ्या बाजूचं होतं.

परत आल्यावर सगळं पुन्हा मांडलं. आधी जाण्यानं किती वेळ जातो, ते या रॅलीतल्या सगळ्या गाड्यांवरून काढता आलं. तो तुझ्या वेळेतून वजा केला. इंद्रजितला दिलेल्या दोन्ही सवलती तशाच ठेवल्या. तरीही तू पुढे होतास. चांगला स्वच्छ पुढे होतास.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी कैवल्यला गाठलं. तुझा नॅव्हिगेटर, आता इंद्रजितच्या शेजारी बसून वळणं वाचतो. तो आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, "टेस्टच्या दुसऱ्या सकाळी निघायच्या आधी मी सौमित्रला म्हटलं होतं की आज त्या पोराला पुढे जाऊ दे, आपण कशाला त्याचा रस्ता झाडायचा? निदान ताईंना तरी सांग." त्यावर तू म्हणालास, "ताईला काही बोलू नकोस. तिला वाटेल मी वशिला लावतोय."

म्हणजे तुला माहीत होतं. मला अडचण नको म्हणून तू तोंड मिटलंस आणि माझ्यावर बोट नको म्हणून मी डोळे मिटले. आपल्या दोघांच्या या सोवळ्यात तुझी गाडी गेली. तुझ्या वाट्याचे मोसम किती उरले होते, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मी नवा तक्ता कंग साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला. म्हणाले, "आप ठीक कह रही हैं. पर लड़के से दो साल का करार है. और उसका क्या क़सूर?" त्याचा कसूर नाही हे खरंच आहे. मग म्हणाले, "सौमित्र को बुला लो, लड़के को सिखाएगा. आप कहेंगी तो मना नहीं करेगा."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं आहे. मी त्यांना सांगितलं की हा निरोप मी देणार नाही. ते तुला स्वतः फोन करतील. इंद्रजितला शिकवावंसं वाटलं तर हो म्हण, नाही वाटलं तर नाही म्हण. माझ्यासाठी मात्र हो म्हणू नकोस.

दुसरी एक गोष्ट मी तुला न विचारता केली आहे. कोइमतूरची एक टीम पुढच्या मोसमासाठी ड्रायव्हर शोधते आहे, त्यांची टेस्ट डिसेंबरात आहे. त्यांना मी दोन्ही तक्ते पाठवले, जुना आणि नवा, आणि खाली माझ्या नावानिशी लिहिलं की जुन्यातली चूक माझी आहे. हे कंग साहेबांना आवडलेलं नाही. माझं इथे पुढे काय होईल ते बघू, त्याची तू काळजी करायची नाही.

ते तुला बोलावतीलच असं नाही. छत्तिसाव्या वर्षी नवी टीम मिळणं किती कठीण असतं ते मी तुला काय सांगू? नऊ महिने तू स्पर्धेची गाडी हातात धरलेली नाहीस, तेही ते विचारतील. मला उशीर झाला, आणि तो कुठल्याही तक्त्यातून वजा होण्यासारखा नाही.

या पत्राला "जाऊ दे ताई" असं उत्तर पाठवू नकोस. राग आला असेल तर तो लिही, मी वाचेन. कादंबरीलाही हे वाचायला दे. तिनं इतके दिवस मला एका शब्दानं दुखावलेलं नाही, तिचा तर हक्कच आहे.

आणि कोइमतूरहून बोलावणं आलंच, तर आधी कोणाची गाडी सुटणार हे सगळ्यांसमोर विचार. वेळ जास्त लागला तर का लागला ते तोंडानं सांग. नाही ऐकलं तर भांड. तिथे आकडे मांडायला तुझी कोणी बहीण बसलेली नसेल.

त्या तीन सकाळी सोडून नेहमी तुझीच,
ताई