‘व्हते’ खोडलंय

आकाराम भाऊजी,

भाकरी दुरडीत झाकून ठेवल्यात, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी आष्ट्याला आईकडं चाललेय. आत्याबाईंना सांगा, जरा बरं वाटंना म्हणून गेली.

तुमचा कॉलेजातला निबंध तपासला. ‘माझे थोरले बंधू सैन्यात व्हते’ असं तुम्ही बोलता तसंच लिहून ठेवलंय. ‘व्हते’ खोडून ‘होते’ केलं, शुद्ध तेच. पण लढाईत हे बेपत्ता झाल्याची तार आली, गेल्याची आली न्हाई. माझ्या तोंडात अजून ‘हायेत’च येतं.

त्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा राहिलाय. तेवढा तुमचा तुम्ही द्या, भाऊजी. माझ्या हातनं होईना.

तुमची वहिनी