आज कुणाचा नंबर

सोमवार, ३
पोचले. फाटकावर ताप तपासला, बॅगेवर फवारा मारला आणि माझ्यामागे कुलूप लागलं. साथ ओसरेपर्यंत आत आलेल्याने आतच राहायचं, ही या वृद्धनिवासाची अट. मला चालतं. खोली उजेडाची आहे, टेबल मोठं आहे, नळाला चक्क गरम पाणी आहे. काम ओळखीचं: ऑक्सिजनची यंत्रं, ऑक्सिमीटर, तापमापक चालू ठेवायचे आणि सगळ्यांना रोज तपासायचं. डॉक्टर फोनवर असतात.

मंडळी व्हरांड्यात खुर्च्या लांब लांब मांडून माझी वाट पाहत होती. मोजकीच माणसं. निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे हेडबाई, सगळ्यांवर हुकूम चालवतात. पोस्टमास्तर मला बघून म्हणाले, पार्सल वेळेत आलं, पण वजनाला कमी भरतंय. शिवणकाकूंनी जन्मभर कपडे शिवलेत; त्यांनी लांबूनच सांगितलं की माझा डावा खांदा उतरता आहे. खरं आहे. माझं नाव 'मशीनवाली' ठरलं.

मंगळवार, ४
गावातल्या बाकीच्या अशा घरांत खाटा रिकाम्या होत आहेत. इथे एकही झालेली नाही. मंडळी सकाळी हातपाय हलवतात, पेपर मोठ्याने वाचतात, मुलांचा व्हिडिओ कॉल आला की वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा घालून बसतात आणि ठणठणीत असल्याचं सांगतात.

आजारी फक्त पोस्टमास्तर. ताप १०२, ऑक्सिजन ८८. आजाऱ्यांच्या खोलीत नेऊन यंत्र लावलं. हेडबाई म्हणाल्या, काळजी करू नकोस, संध्याकाळपर्यंतच आहे.

बुधवार, ५
पोस्टमास्तर दाढी करत शीळ घालत होते. ताप नाही. ऑक्सिजन ९७. शिवणकाकू मात्र आडव्या. १०२. ८८.

आकडे तेच आल्यामुळे मला यंत्राचा संशय आला. स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं: ९९. दुसरं यंत्र आणलं. काकूंचे परत ८८.

शुक्रवार, ७
काल कुंड्यांना पाणी घालणारे बागवाले काका, आज स्वतः हेडबाई. आकडे तेच, आणि खोकलाही तोच. दोन आखूड, एक लांब. प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, तसा खोकलाही वेगळा असायला हवा. हा एकच खोकला खाटेवर माणसं बदलतोय.

डॉक्टर म्हणाले, यंत्रं बिघडली असतील. मी म्हटलं, मी तपासली आहेत. त्यावर ते म्हणाले, तिथे कुणी दगावत नाही ना, मग बिघडलेलीच राहू देत.

आईचाही फोन आला. ती घरी एकटीच असते, दाराची कडीसुद्धा साबणाने धुते. माझा आवाज बसल्यासारखा वाटतो म्हणाली. तिला तो नेहमीच तसा वाटतो.

शनिवार, ८
संध्याकाळी दाराआड उभी राहिले. आजाऱ्यांच्या खोलीत कमी ऐकू येणाऱ्या आजी होत्या. व्हरांड्यात हेडबाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं, आज कुणाचा नंबर. पोस्टमास्तरांनी हात वर केला. मी घेतो, म्हणाले. भाजी निवडायला घ्यावी तसं.

खोलीतला खोकला मध्येच थांबला. उरलेला अर्धा पोस्टमास्तरांच्या घशातून आला.

रविवार, ९
सरळ विचारलं. हेडबाईंनी सरळ सांगितलं. साथीच्या सुरुवातीला बागवाले काका जायला टेकले होते. भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, थोडा वेळ मी घेते, तुम्ही जरा झोपा. आणि ते झोपले. तेव्हापासून हे चालू आहे. एक दिवस कुणालाही झेपतो, म्हणाल्या. जबरदस्ती नाही. स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, आणि मनापासून.

हे अशक्य आहे, असं मी इथे लिहून ठेवते. शिवाय हेही: मला इतकं मोकळेपणाने का सांगितलं?

उठताना त्या म्हणाल्या, तुझ्या आधीची नर्स दिसायला काटकुळी, पण खूप टिकली. ती आता कुठे आहे, विचारलं. पोस्टमास्तरांनी पेपर उलटला. कुणीतरी चहाचं विचारलं.

मंगळवार, ११
सगळे गोड झालेत. काकूंनी माप न घेता माझा कोट आवळून दिला, उतरता खांदा सांभाळून. व्हरांड्यातली उन्हाची खुर्ची माझी. मशीनवालीची आता 'नात' झाली आहे.

मी भुलत नाही. पण आकडे उतरतायत, हेही खरं. काल ८४. आज ८१. माणसं तीच, थकलेली, आणि नंबर लवकर फिरून येतो.

बुधवार, १२
काकूंचा नंबर. ७४. ऑक्सिजन पूर्ण सोडला तरी ७४. ओठ निळे. त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, कोट घालून फिरत जा, बरा दिसतो.

संध्याकाळी हेडबाईंनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. पोस्टमास्तर म्हणाले, तरुणांना म्हणे हा आजार नुसता चाटून जातो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, एकच दिवस, आणि सगळ्यांनी तसं कबूल करायचं. हो गं बाळा, एकच दिवस, सगळे म्हणाले.

मी म्हटलं, मी घेते.

गुरुवार, १३
१०२. ८८. दोन आखूड, एक लांब. आवाज माझा नाही.

काकू उठून चहा पीत होत्या. संध्याकाळी कान देऊन पडले. हेडबाईंनी विचारलंच नाही. खुर्च्या आत नेल्याचा आवाज आला.

शुक्रवार
८१. गरम पेज, धुतलेली उशी. डोक्यावरून हात फिरवतात. सगळे प्रेमळ.

भिंत धरत व्हरांड्यात गेले. मीच विचारलं, आज कुणाचा नंबर. पोस्टमास्तर पेपरात. काकू रडत होत्या, पण तोंडावर हात घट्ट —

शनिवार
७६.
आईचे फोन. उचलत नाही. मला असं पाहिलं की ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. लहानपणी प्रत्येक तापात तेच म्हणायची. आणि मनापासून. तिच्याकडून ते घ्यायला शेजारी कुणी नाही.
फोन बंद करून उशीखाली.

उशीखाली नाही.

हेडबाई दारात. फोन त्यांच्या हातात, चालू. गोड आवाजात सांगतायत, मुलगी फार आजारी आहे हो, तुम्ही आई आहात, म्हणून म्हटलं कळवावं. फोनचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी मान हलवते. नको. बोलायला श्वास — म्हणून लिहून दाखवते, आई काही बोलू नकोस — वाचता येत नाही तिला, चष्मा नाही, म्हणते काय लिहितेस गं — रडतेय — म्हणते, सोन्या, तुझं सगळं दुखणं मी —

दोन आखूड झाले. तिसरा आला नाही.

श्वास मोकळा आहे. सगळा आत जातोय.

फोनमधून —