बुचाला स्क्रू लावायचा नाही

वाल दे मेलरो,
८ सप्टेंबर १९६७

ती. दादास ग्रासिएतेचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. कुस्तोदिओकाका ट्रक घेऊन फ्रान्सला निघालेत, त्यांच्या सीटखाली दिलंय. त्यामुळे मोकळेपणी लिहिते.

मागच्या मंगळवारी बाबांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड वाकडं झालंय, पण बोललेलं मला कळतं. डॉक्टर नाताळच्या पुढचं काही बोलायला तयार नाहीत. द्राक्षांची तोडणी सुरू झाली आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मालकाच्या वाइनच्या तळघरात बाबा नाहीत, याची सगळ्या मळ्यात चर्चा आहे.

त्यांच्या डोक्यात आता एकच गोष्ट आहे, तुझी बाटली. तू जन्मलास त्या वर्षीची पोर्ट वाइन, चोवीस वर्षं आडवी पडून आहे ती. तुझ्याबरोबर बसून ती उघडायची आणि मग डोळे मिटायचे, असं रोज सांगतात. मी म्हटलं, फौजेची भरती चुकवून पळालेला दादा आला तर पहिला तुरुंगात जाईल आणि तिथून आफ्रिकेच्या लढाईवर. तर म्हणाले की मला ठाऊक आहे, मी काय बैल आहे का? आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं की औरेलियो कधी येतो.

हवालदार नोगेइरा अजून तुझ्यावर टपून आहे. पाव घ्यायला गेले तरी विचारतो, भावाची काय खबर? मी सांगते, मेला असेल. देव मला क्षमा करो. तू येऊ नकोस. पण बाबांना काय सांगू, तेवढं कळव.

लोभ आहेच, तो मैल मोजून कमी करू नकोस.

तुझी,
ग्रासिएते

पॅरिसजवळ,
२४ सप्टेंबर १९६७

चि. ग्रासिएतेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कुस्तोदिओकाकांनी हातात दिलं आणि ते लगेच निघून गेले, तेव्हाच काहीतरी वाईट आहे हे ओळखलं. दोन दिवस कामावर विटा उचलल्या, पण किती उचलल्या विचारशील तर सांगता येणार नाही.

आमच्या खोलीत आठ माणसं आहेत आणि बूच काढायचा स्क्रू एकही नाही. परवा कोणीतरी वाइन आणली. आमच्यातल्या एकाने बाटली बुटात उभी केली आणि बुटासकट भिंतीवर आपटत राहिला. दहा-बारा ठोक्यांनंतर बूच अर्धं वर आलं, मग दातांनी ओढलं. बाबांनी पाहिलं असतं तर दुसरा झटका तिथेच आला असता. सगळे हसले, मीही हसलो. मग बाहेर चिखलात जाऊन उभा राहिलो.

तुला एक सांगतो, बाबांना सांगू नकोस. मालकाच्या पाहुण्यांपुढे ते चिमटा लाल करून बाटलीची मान उडवायचे ना, तेव्हा मला लाज वाटायची. माझा बाप म्हणजे गारुडी, असं एकदा तोंडावर बोललो होतो. त्यांनी मला शिकवायला बोलावलं, तेव्हाही मी गेलो नाही. आता शिकायला कुठे जाऊ?

माझं ऐक. माझी वाट बघण्यात बाटलीही जाईल आणि बाबाही. सरळ स्क्रू लाव आणि त्यांना चार चमचे पाज. आणि जे असेल ते खरं कळव. इथे बसून मला तू सांगशील तेवढंच दिसतं.

आशीर्वाद आहेतच, बाबांच्या वाटचा लोभही थोडे दिवस तूच सांभाळ.

तुझा,
औरेलियो

वाल दे मेलरो,
१५ ऑक्टोबर १९६७

ती. दादास सा. न. वि. वि.

स्क्रूचं नाव काढलं आणि बाबांनी डाव्या हाताने कप फेकला. म्हणाले की चोवीस वर्षांचं बूच आहे ते, भिजलेल्या पावासारखं झालं असेल. स्क्रू आत जाईल आणि भुगा घेऊन बाहेर येईल, उरलेलं वाइनमध्ये पडेल. पॅरिसला जाऊन पोरगा येडा झाला. मग मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, तू शीक.

तर आता ऐक आणि हस. मालकाच्या घरून चिमटा आणला. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून जुनी बुचं ठोकली. बाबा खाटेवर उशांना टेकून, मी चुलीपाशी. चिमटा लाल झाला की बुचाच्या खाली मानेला घट्ट धरायचा, मनात एक प्रार्थना म्हणायची, सोडायचा आणि तिथेच गार पाण्याचं फडकं लावायचं. पहिली बाटली पोटापर्यंत तडकली, स्वयंपाकघरात तळं झालं. दुसऱ्या वेळी घाबरून मी प्रार्थना अर्ध्यात आटपली. काहीच झालं नाही. बाबा म्हणाले की बाटली तुला हसते आहे. तिसऱ्या वेळी टक् असा बारीक आवाज आला आणि बुचासकट मान माझ्या हातात. एक कपची नाही! बाबांनी डावं बोट कडेवरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाले की बाईच्या हातात आजवर कोणी चिमटा दिला नाही, ही आपल्या लोकांची चूकच झाली.

बाबांची तब्येत बरी आहे. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पेज घेतात, झोप लागते. बाटलीची घाई नाही असं म्हणतात. तू काळजी करू नकोस आणि येऊही नकोस. सावकाश सगळं होईल.

उशीर झाला, काका थांबलेत. लोभ धरलास तसाच धर.

तुझी,
ग्रासिएते

पॅरिसजवळ,
२९ ऑक्टोबर १९६७

चि. ग्रासिएतेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. तळ्याच्या ठिकाणी लोक गडाबडा हसले. बाबांचं बोट कडेवरून फिरलं ते मात्र मी दोनदा वाचलं.

चार वर्षं स्वतःला समजावत आलो की जाऊन उपयोग नाही. या महिन्यात तर रोज वाटायचं, आता बाबा गेल्याचंच पत्र येणार. तसं झालं असतं तर इथेच रडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो असतो. मेलेल्या माणसासाठी कोण डोंगर ओलांडतो? पण बाबा बरे आहेत, मला ओळखतील, चार शब्द बोलतील. मग मी इथे कशाला बसलोय?

येतोय. बर्फाने डोंगरातली वाट बंद व्हायच्या आत. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाच्या दिवशी घरी असेन. गावाचं सगळं लक्ष नव्या वाइनकडे असतं त्या दिवशी, माझ्याकडे कोण बघतंय. एक संध्याकाळ, एक बाटली, आणि पहाटे परत. चिमटा तूच धर, मी बाबांना धरून बसवीन. त्यांची माफी मागायची आहे, ती पत्रातून मागता येत नाही.

उत्तर लिहू नकोस, मी खोली सोडली आहे. तू खरं कळवलंस म्हणून हे सुचलं. तुझे उपकार कसे फेडू?

भेटीत लोभ दुप्पट करू.

तुझा,
औरेलियो

वाल दे मेलरो,
३ डिसेंबर १९६७

ती. दादास सा. न. वि. वि.

लिस्बनच्या फौजी तुरुंगात हे पत्र तुझ्याआधी दुसरं कोणीतरी वाचणार. वाचू दे.

बाबा ९ ऑक्टोबरला गेले. तिसरी बाटली साधली त्याच्या तिसऱ्या दिवशी, झोपेत. पुरायला गेलो तेव्हा नोगेइरा दफनभूमीच्या फाटकापाशी उभा होता. बाबांसाठी नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघत होता. तेव्हाच मी ठरवलं की तुला कळवायचं नाही. कळलं तर तू धावत येशील अशी मला खात्री होती. तुला इतकंही ओळखलं नाही मी.

तुझं पत्र १० नोव्हेंबरला मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून डोंगराच्या वाटेवर उभी होते, तुला परत पाठवायला. तू नदीच्या वाटेने आलास. पुलावर चेस्टनट भाजणारी बाई आहे ना, तिने नंतर मला सगळं सांगितलं. बाबांना आवडतात म्हणून तू डझनभर मागितलेस. तिने पुडी बांधून दिली, छातीवर क्रूस केला आणि म्हणाली की कोणासाठी नेतोस पोरा, त्यांना पुरून महिना झाला. तू तिथेच उभा राहिलास. पळाला नाहीस. गरम पुडी हातात तशीच, आणि नोगेइराने चालत येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला. दादा, तू का पळाला नाहीस?

संध्याकाळी मी बाटली आणि चिमटा घेऊन चौकीत गेले. त्याच्या पाया पडले. बेड्या घालून का होईना, तुला अर्धा तास बाबांच्या थडग्यापाशी न्यावं म्हटलं. तो म्हणाला की तुझ्या बापाची, बेल्मिरोची, ही करामत नुसती ऐकून आहे, आधी दाखव तर खरी. चौकीच्या शेगडीत चिमटा लाल केला. या वेळी प्रार्थना पूर्ण म्हटली. मान इतकी स्वच्छ निघाली की बाबांनी बोट फिरवलं असतं तरी एक कपची सापडली नसती. त्याने दोन ग्लास घेतले आणि एक मला दिला. त्याला राग येऊ नये म्हणून मी प्यायले. फार चांगली होती, दादा. लिहायला लाज वाटते, पण फार चांगली होती.

मग मिशा पुसून तो म्हणाला की तुझ्या भावाला चार वाजताच शहरात रवाना केलंय. मी शेगडी फुंकत होते, तेव्हा आतली कोठडी रिकामी होती.

जानेवारीत तुला अंगोलाच्या लढाईवर जाणाऱ्या बोटीत चढवणार असं ऐकलं. पाद्रीबुवा म्हणतात की दयेचा अर्ज कर. मी केला. करून काय होणार, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

खोटं लिहिलं ते तू येऊ नयेस म्हणून. आणि तू आलास तो त्या खोट्यामुळेच. बाबा गेले, एवढे दोन शब्द लिहिले असते तर तू तिथे रडला असतास आणि वाचला असतास. हे आता जन्मभर माझ्यापाशी राहील, तू माफ केलंस तरी.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मला मागायला तोंड नाही. तरी मागते.

तुझी,
ग्रासिएते