बटणाखालची पट्टी

पिपरी मेघे, कार्तिक शुद्ध दशमी, शके १९२०

दिवंगत पत्नीने स्वहस्ते कातलेल्या सुताची बंडी आज सायंपूजेत वाकताच फाटली. विरळ विणीच्या खादीला बटणाखाली दुहेरी पट्टी द्यावी लागते. नुकतीच ती शिवून देणाऱ्या शिंप्याने नव्या मशीनच्या गर्वात एकेरी कापडावरच बटण ठोकले. जाब विचारला, तर निर्लज्जपणे म्हणतो, "काऊन चिडता, महाराज? बटन कुठं निघालं? कापड फाटलं नं!"

खरेच, बटण घट्ट आहे. चिंधीसह लोंबते आहे. काय हा कारागीर! आत्मा जीर्ण वस्त्र टाकतो, हे श्रोत्यांस मी नित्य सांगतो. पण हे वस्त्र जीर्ण कुठे होते?

"जाऊ द्या नं, नवी शिवून देतो तुमाले," म्हणाला.

मूढ! ते सूत आता कातणार कोण?