पलंगाच्या पायथ्याशी पेडल

५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र आलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेले दिवस खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि आता ते मशीनही नको म्हणतोस, असं त्या लिहितात. पानं सुटलेली हजारो पुस्तकं बांधलीस, आणि स्वतःला रद्दीत घालतोस? डॉक्टर थोडी हालचाल करा म्हणतात ना? मग ऊठ. नाहीतर मी येऊन कान धरीन, थोरला असलास तरी.

तुझी माया मला अजून पुष्कळ वर्षं हवी आहे.

तुझी,
चिमणी

२० एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून उशीर. आता आहे.

डायलिसिसच्या वॉर्डात नर्सबाईंनी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी सायकलची पेडल बसवली. मी म्हणालो, मरायला टेकलेल्याला सायकल कसली शिकवता. त्या म्हणाल्या, मरायचं ते नंतर बघू, मशीन लागल्यावर पहिल्या दोन तासांत पाय तेवढे फिरवून घ्या. शेजारच्या पलंगावर सत्तरीच्या निवृत्त मुख्याध्यापिका खुशाल पेडल मारत होत्या. लाजेनं सुरू केलं. दोन मिनिटांत मांड्या लटपटल्या. आज पंचवीस मिनिटं झाली.

काय सांगू तुला! सुया टोचलेला हात अगदी स्थिर. रक्त नळीतून बाहेर जातंय, धुऊन परत येतंय, आणि तिकडे माझेच पाय फिरताहेत. बघतच राहतो. मूत्रपिंडं बरी होणार नाहीत, ठाऊक आहे. पण परवा हात न टेकता खुर्चीतून उठलो, तर तुझी वहिनी दारात उभी राहून रडली. मशीन नको म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतला.

कान धरायला खुशाल ये.

तुझा,
दादा

३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले.

काल तुमच्या वॉर्डाच्या काचेतून पाहिलं. आठ पलंग, आठ मशिनं, सोळा पाय फिरत होते. मी चपला काढून उभी राहिले. का, ते अजून कळलेलं नाही.

आज स्टँडवर माझी बॅग सुयांच्या नव्हे, त्या चांगल्या हातात घेऊन आलास. मी ओरडले, ऐकलं नाहीस. बस सुटली तशी मागच्या काचेतून बघत होते. वाटलं, आता दमून बाकावर बसशील. तू बसला नाहीस. हात हलवलास, वळलास आणि गर्दीतून सरळ चालत गेलास.

रागावायचा माझा हक्क कायम असू दे.

तुझी,
चिमणी