नळीच्या टोकावरचं कडं

२ ऑगस्ट, शनिवार

पार्सल आलं. मला वाटलं माझ्या बरण्यांची झाकणं. निघालं काय — पोलादाचं कडं! चांगलं जाडजूड, बाहेरून खुणा कोरलेलं. माझ्या नवऱ्यानं, व्हर्लननं, ते दोन्ही तळहातांवर असं घेतलं, जसं लोक पहिलं नातवंड घेतात.

"लिओटा, हा ट्यूनर आहे."

आपल्याकडे पियानो नाही, मी म्हटलं. हसला नाही. हे म्हणे बंदुकीच्या नळीच्या टोकावर बसवायचं. बार उडतो तेव्हा नळी थरथरते, गळाच्या काठीसारखी. टोकाला वजन असलं आणि ते एकेक खूण फिरवत नेलं, की कुठंतरी अशी जागा सापडते जिथं गोळी बाहेर पडताना नळी शांत असते. मग सगळ्या गोळ्या एकाच भोकात!

मी विचारलं, रायफलीचं एक वेळ समजू. पण तुझी ती ठासणीची? तोंडातून दारू ओता, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासा, दर बाराला नळी पुसा, आणि नासक्या अंड्यांच्या वासाच्या धुरात उभे राहा. तिला कडं घालून काय होणार?

"तिलाच तर जास्त गरज," म्हणाला.

दोन्ही नळ्यांना आटे आधीच पाडून आणलेत! मला सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय.

५ ऑगस्ट, मंगळवार

एल्डननं कडं पाहिलं. देवा!

एल्डन गॉस म्हणजे व्हर्लनचा शाळेपासूनचा दोस्त, पलीकडच्या टेकडीवर राहतो. फेब्रुवारीत त्याची बायको नेव्हा गेली. माझी मैत्रीण. तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे जेवतो. म्हणजे येतो, पुढ्यात येईल ते खातो, "बरं होतं" म्हणतो, जातो.

आज टोमॅटो द्यायला आला, तर व्हर्लन ओसरीत ठासणीच्या बंदुकीला कडं चढवत बसलेला. एल्डननं टोपली खाली ठेवली. आधी पुटपुटला. मग चढत गेला.

"तुझ्या बापानं या बंदुकीनं हरणं मारली! त्याला लागलं होतं का असलं काही?"

"बापाला माहीत नव्हतं."

"बापाला नेम होता, गाढवा! तुला नाही, म्हणून तू कडी विकत घेतोस!"

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आणि शेवटी काय, तर असल्या माणसाबरोबर एका टेबलावर बसणार नाही! टोमॅटो मात्र ठेवून गेला.

१० ऑगस्ट, रविवार

एल्डनची खुर्ची रिकामी. चिकन-नूडल्स उरल्या. व्हर्लनला म्हटलं, फोन कर, ते कडं काढून ठेवतो म्हण. म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." या माणसाला तत्त्व आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फोन करतो — रोज सकाळी! माफी मागायला नव्हे. "एल्डन, काल सातव्या खुणेवर ठेवलं. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या." पलीकडून असा आरडाओरडा, की मला शेगडीजवळ ऐकू येतो. मग एल्डन गाडी काढून क्लबच्या चांदमारीवर जातो, हा त्याच्या मागून. दोघं दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि एकमेकांकडे न बघता बोलतात.

मी पण गेले, बघू तरी म्हणून. सातवी खूण काल चांगली होती, आज वाईट. आज अकरावी चांगली. व्हर्लन म्हणतो हवा बदलली. एल्डन म्हणतो, "हवा नाही, अक्कल सरकली!" एल्डननं लाकडाची एक भक्कम घोडी करून आणली होती, बंदूक आवळून बसवायला, म्हणजे हात हलल्याचं निमित्त नको. दाढी गुळगुळीत केलेली, शर्टाला इस्त्री. माणूस वेडा झाला की असा नीटनेटका होतो का?

२६ ऑगस्ट, मंगळवार

प्रकरण क्लबभर पसरलं. निम्मे कड्याचे, निम्मे बिनकड्याचे. सचिव रूबेन रडकुंडीला आलाय. शरदातल्या मोठ्या सामन्यात कडं चालेल की नाही, यावर सभा झाली. नियमांत काहीच लिहिलेलं नाही. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्या काळी कुणी इतकं रिकामं नव्हतं!

गावातल्या हॉटेलात एल्डन सँडविच हातात धरून भाषण देत होता म्हणे. सगळं गिऱ्हाईक वळून ऐकत होतं. सँडविचं खाऊन दिवस काढतोय बिचारा, माझं टेबल सोडून. नेव्हाला मी दवाखान्यात शब्द दिला होता, त्याच्याकडे बघीन म्हणून. छान बघतेय!

६ सप्टेंबर, शनिवार

बस झालं. मी क्लबात रूबेनला गाठलं, ते दोघंही तिथंच होते. म्हटलं, एकदाची चाचणी घे. कड्यावर फडकं बांध, म्हणजे कुठली खूण आहे ते दिसणार नाही. कधी व्हर्लनची लाडकी खूण ठेव, कधी भलतीच, कधी कडं काढूनच टाक. गोळी झाडणाऱ्याला कळता कामा नये.

"पण झाडणार कोण?" रूबेन म्हणाला. "व्हर्लन झाडेल तर एल्डन मानणार नाही. एल्डन झाडेल तर—"

"मुद्दाम वाकडं मारेल," व्हर्लन.

"मला मुद्दाम वाकडं मारता येतं! तुला आपोआप जमतं!" एल्डन.

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. क्लबात या विषयावर काहीच मत नसलेलं माणूस उरलंय एकच. मी. लग्नाआधी वडिलांबरोबर खारी मारायचे, त्यानंतर बंदुका फक्त पुसल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

खांदा ठणकतोय, केसांना गंधकाचा वास. दोनदा धुतले.

एल्डनच्या घोडीत बंदूक, मागे मी. दर फेरीला रूबेन माझी पाठ फिरवायचा, नळीशी खुडबुड करायचा, फडकं गुंडाळायचा. आधी रायफल. मग ठासणीची — तिच्या वेळी मला गज हातात धरायला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू! सगळा क्लब मागे खुर्च्या टाकून बसलेला. कुणी तरी मक्याच्या लाह्यासुद्धा आणल्या होत्या.

शेवटी रूबेननं निशाणं फळ्यावर टाचली आणि प्रत्येकाखाली कडं कसं होतं ते लिहिलं. रायफलीत व्हर्लनच्या खुणेवर एकदा गोळ्यांचा झकास पुंजका पडला, पुढच्या वेळी त्याच खुणेवर चाळणी. ठासणीच्या बंदुकीचा सगळ्यात घट्ट पुंजका कुठला? नुसत्या नळीचा! कडं रूबेनच्या खिशात होतं तेव्हाचा!

लोक ओरडले. एल्डननं टोपी उडवली. व्हर्लननं फळ्याजवळ जाऊन एकेक निशाण वाचलं. मला वाटलं आता हवा, दारू, चिंधी, सगळ्यांवर खापर फोडेल. पण नाही. एल्डनसमोर गेला, हात पुढे केला. "जिंकलास."

एल्डननं हात हातात घेतला. मी लगेच म्हटलं, उद्या जेवायला ये.

किती सोपं होतं! बायकांना आधी विचारावं.

१४ सप्टेंबर, रविवार

आला! खास त्याच्यासाठी पर्सिमनच्या फळांचं गोड पुडिंग केलं. टेबलावर पुन्हा तीन ताटं. मी आतून इतकी खूश, की प्रार्थना म्हणताना शब्द चुकले.

जेवण शांततेत झालं. फारच शांततेत. व्हर्लन म्हणाला, मी कडं परत पाठवतोय. एल्डन म्हणाला, "हं." मी म्हटलं, हरणांचा हंगाम येतोय. "हं." पुडिंग अर्धं ठेवलं. "बरं होतं," म्हणाला, आणि गेला.

दमला असेल. विजयाचा शीण.

२१ सप्टेंबर, रविवार

एल्डन आला नाही. सर्दी झाली म्हणाला. फोनवर आवाज तर स्वच्छ होता.

२७ सप्टेंबर, शनिवार

रूबेन भेटला. एल्डननं मोठ्या सामन्यातून नाव काढून घेतलंय. चांदमारीवरही फिरकलेला नाही, चाचणीपासून.

नूडल्सचं भांडं घेऊन त्याच्या घरी गेले. एल्डन भर दुपारी झोपायच्या कपड्यांत. दाढी वाढलेली. पडदे ओढलेले, जसे फेब्रुवारीत होते तसे. नेव्हाचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर.

"सामना का सोडलास रे?"

"काय करायचं जाऊन?"

"अरे, तू जिंकलास ना! सगळा गाव म्हणतोय."

"हो. ठरलं ना सगळं." मग भांडं हातातून घेत, "भांडं धुऊन पाठवीन."

गाडीत बसून रडले. व्हर्लनला येऊन सांगितलं. वाटलं होतं चकित होईल. तो फक्त मान हलवत राहिला आणि बाहेर गेला. कडं अजून इथंच आहे, बघितलं मी. परत पाठवलेलंच नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

एल्डन आजही नाही. व्हर्लननं भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता सांगितलं. कड्यानं काही होत नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"मग इतके दिवस—?"

"नेव्हा गेल्यापासून एल्डन कुणावर ओरडला नव्हता, लिओटा. त्या दिवशी ओसरीत ओरडला."

मी हात पुसले आणि फोन लावला. "एल्डन, एक सांगायचं राहिलं. चाचणीच्या वेळी ते कडं सैल होतं. माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग — "काय?!"

"सैल," मी म्हटलं. "आणि व्हर्लन म्हणतोय, चाचणीत अकरावी खूण तर कुणी तपासलीच नाही."

तो आता येतोय. फोन नीट न ठेवताच निघाला. रिसीव्हरमधून त्याची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.